डोंगरावरची चित्रं

रहिमतपूरच्या स्टँडवर एस.टी. थांबली आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर एक म्हातारबाबा येऊन बसले. डोक्याला पटका, हातात पिशवी. गाडी औंधच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी विचारलं, "पाव्हणं, यमाईला निघालाय न्हवं?"

मी म्हटलं, "नाही बाबा, म्युझियमला."

"चित्रं काढता व्हय?"

"नाही."

"मंग?"

बाबांनी सहज विचारलं होतं, त्यात खोच नव्हती. पण उत्तर मला पटकन देता आलं नाही. देवळात भक्त जातो, दवाखान्यात आजारी माणूस जातो, तसं चित्रांच्या संग्रहालयात चित्रकारानं जावं. ज्याला रेघ ओढता येत नाही, रंगांची नावं पाच-सहापलीकडे ठाऊक नाहीत, त्यानं तिथं कशाला जायचं? आज त्या 'मंग?'बद्दलच थोडं बोलायचं आहे.

मी वाईचा. आमचं गाव शब्दांचं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांची प्राज्ञपाठशाळा इथली, मराठी विश्वकोशाचं काम चाललं तेही इथंच. कृष्णेच्या घाटावर बसून दोन माणसं बोलू लागली की तिसरा त्यात व्याकरणाची चूक काढतो, अशी आमची ख्याती. मीही बी. ए. झालो आणि कवितेच्या नादी लागलो तो शब्दांमुळेच. चित्राशी मात्र माझं कधी जमलं नाही. एकदा मुंबईतल्या एका कलादालनात गेलो होतो. एका मोठ्या चित्रापुढे उभा राहून मी शेजारच्या गृहस्थांना विचारलं, "हे काय असेल?" ते किंचित हसले आणि म्हणाले, "त्यासाठी नजर तयार असावी लागते." मी मान डोलावली, जिना उतरून खाली आलो आणि चहा प्यालो. त्यानंतर कित्येक वर्षं कुठल्याही कलादालनाची पायरी चढलो नाही.

पुढे इतिहास वाचताना ध्यानात आलं, की 'मला चित्रातलं कळत नाही' ही लाज काही माझ्या एकट्याची नाही आणि ती आजची तर मुळीच नाही. आपल्याकडं चित्रं शतकानुशतकं होती. पण ती कोणाला दिसत होती, हा प्रश्न विचारला की लाजेचं मूळ सापडतं.

आमच्या वाईचंच बघा. वाई आदिलशाहीत होती आणि अफजलखान वाईचा सुभेदार होता, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. पण त्याच विजापूरच्या गादीवर १५८० ते १६२७ या काळात दुसरा इब्राहिम आदिलशहा बसला होता, हे फारसं कोणी सांगत नाही. हा बादशहा संगीताचा वेडा. 'किताब-ए-नौरस' हा त्यानं दखनी बोलीत रचलेला गीतसंग्रह. त्यात सरस्वतीची आणि गणपतीची स्तुती आहे. त्याच्या दरबारी चित्रकारांनी काढलेली चित्रं आज जगभर नावाजली जातात. त्याचंच एक चित्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पण ही चित्रं केवढी? वहीच्या पानाएवढी. मांडीवर घेऊन, पान उलटून बघायची. म्हणजे ज्याची मांडी त्याचं चित्र. त्या राज्यात वाईच्या शिवारात नांगर धरणाऱ्या कुणब्यानं किंवा बाजारपेठेतल्या मोमिनानं त्यातलं एक तरी बघितलं असेल का? मला नाही वाटत.

पेशवाईत चित्रं वहीतून भिंतीवर आली. वाईपासून तीन किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. 'स्वदेस' या २००४ च्या चित्रपटात तो पुष्कळांनी पाहिला असेल. १७६८ मध्ये मेणवली गाव नानांना मिळालं, ते औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांच्याकडून. औंधचं नाव इथं प्रथम येतं, ते लक्षात राहू द्या. या वाड्यात देवादिकांची भित्तिचित्रं आहेत. रंग आज पुसट झाले असले तरी रेषेतला नेमकेपणा कळतो. चित्रं आता मोठी झाली होती, दहा माणसं एकदम बघू शकतील अशी. पण ती वाड्याच्या आत होती. घाटावर कपडे धुणाऱ्या बाईला वाड्याची तटबंदी दिसायची, आतली चित्रं नाही.

सामान्य माणसाच्या घरात चित्र शिरलं ते छापखान्यामुळे. राजा रविवर्मानं १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी, सरस्वती यांची रंगीत चित्रं तिथून बाहेर पडली आणि खेड्यापाड्यांतल्या भिंतींवर खिळ्याला लटकली. देवळात ज्याला प्रवेश नव्हता त्याच्याही झोपडीत देव आले. ही केवढी मोठी गोष्ट होती! पण ते चित्र पूजेचं होतं. त्याला हात जोडायचे, फूल वाहायचं. नुसतं बघत उभं राहायचं, त्याच्याशी मनातल्या मनात वाद घालायचा, ही मोकळीक तिथंही नव्हतीच.

आता आमच्या घराकडं येतो. आमच्या घरात तर पूजेचंही चित्र नव्हतं. भिंतीवर मक्का-मदिनेचं कॅलेंडर, तेवढंच. माझे थोरले चुलते कडक. ज्या घरात तसबीर असते तिथं फरिश्ते येत नाहीत, असं ते सांगायचे आणि आम्ही पोरं मान खाली घालून ऐकायचो. अकबराच्या दरबारात मीर सय्यद अली आणि अब्दुस समद या इराणातून आलेल्या उस्तादांच्या देखरेखीखाली 'हमजानामा'ची सुमारे चौदाशे चित्रं तयार झाली, हे मी फार नंतर वाचलं. चुलत्यांना सांगायचं राहून गेलं.

आमचा धंदा बांगड्यांचा. अम्मा जत्रांतून बांगड्या भरायची. पौषात मांढरदेवला काळूबाईची जत्रा आणि पौषातच औंधला यमाईची. मांढरदेवला चुलते जायचे, औंध आमच्या वाट्याला. १९७९ साली मी दहा वर्षांचा असेन. अम्माबरोबर औंधला गेलो होतो. दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर तिनं बांगड्यांची पेटी शेजारच्या खेळणीवाल्याकडं सोपवली, माझा हात धरला आणि डोंगर चढू लागली. मला वाटलं, यमाईचं देऊळ बघायला निघाली. पण निम्म्या वाटेवर ती वळली आणि एका इमारतीत शिरली.

आत गारवा होता आणि वरच्या खिडक्यांतून उजेड उतरत होता. अम्माला अक्षरओळख नव्हती. चित्राखालची पाटी काय म्हणते, हे तिनं मला विचारलंही नाही. ती एका चित्रापुढून दुसऱ्यापुढं जात होती, आणि नऊवारीतल्या एका बाईच्या चित्रापाशी येऊन थांबली. बराच वेळ थांबली. मग मला म्हणाली, "हिला सव्वादोनचं माप लागेल. ह्यानं दोन-दोनच्या भरल्यात. बघ, कशा रुतल्यात. भरताना दुखलं असेल बाईला." थोडं आणखी बघून म्हणाली, "काढणाऱ्यानं बांगड्या भरताना बघितलंय. नुसती मनानं नाही काढली."

घरी आल्यावर मी हे सगळं चुलत्यांपुढं बोलून गेलो. ते चिडले. तसबिरी बघत फिरतेस का, म्हणून त्यांनी तिला विचारलं. अम्मा कधी उलटून बोलत नसे. त्या दिवशी चुलीपुढून मान वर न करता आमच्या दखनीत एवढंच म्हणाली, "घर में कहाँ लगाती मैं? डोंगर पे जाके देखके आती."

ती असं म्हणू शकली, कारण कोणी तरी ती चित्रं डोंगरावर नेऊन ठेवली होती. ती कोणी आणि का नेली, हे मी पुढं शोधत गेलो. त्या माणसाचं नाव भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म १८६८, मृत्यू १९५१. १९०९ मध्ये ते औंधच्या गादीवर आले. संस्थान लहान, बहात्तर गावांचं, तेही एकसंध नव्हे. काही गावं आजच्या साताऱ्यात, काही सांगलीकडं आटपाडी भागात. बाळासाहेब पदवीधर होते. त्यांच्या इंग्रजी पुस्तकांवर राजेपदाबरोबर 'बी. ए.' ही अक्षरंही छापलेली आहेत, हे पाहून मला माझ्या बी. ए. बद्दल जरा बरं वाटलं! ते कीर्तन करत, सूर्यनमस्काराचा त्यांनी जन्मभर प्रचार केला. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरान दिलं तेही त्यांनीच. त्याचीच पुढं किर्लोस्करवाडी झाली. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायला घेतली, त्यामागं त्यांची प्रेरणा होती आणि लाख रुपयांचं दानही.

आणि ते स्वतः चित्रकार होते. १९१६ मध्ये त्यांचं 'चित्ररामायण' प्रसिद्ध झालं. चित्रकारांना बरोबर घेऊन ते अजिंठ्याला गेले, तिथल्या चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या आणि १९३२ मध्ये अजिंठ्यावर पुस्तक लिहिलं. अजिंठ्याच्या प्रतिकृतींचं नशीब तोवर खडतरच होतं. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानं वर्षानुवर्षं खपून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. जॉन ग्रिफिथ्स आणि जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी केलेल्यांपैकी पुष्कळ १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. दोन्ही वेळा प्रतिकृती इथं तयार झाल्या आणि प्रेक्षकांसाठी समुद्रापार गेल्या. बाळासाहेबांनी करवून घेतलेल्या मात्र औंधला आल्या. ज्याला अजिंठ्याला जाणं परवडत नाही, तो यमाईला तर येतोच ना!

संग्रह असा वाढत गेला. मोगल, राजपूत, पहाडी, विजापुरी अशा शैलींची लघुचित्रं, रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रं, बाबूराव पेंटर, माधव सातवळेकर यांची कामं, हस्तिदंतावरचं आणि चंदनावरचं कोरीवकाम. राजांचे संग्रह असतातच. बहुतेक राजांनी ते राजवाड्यात ठेवले. बाळासाहेबांनी मात्र यमाईच्या डोंगरावर, देवीकडं जाणाऱ्या वाटेवर त्यासाठी इमारत उभी केली आणि १९३८ मध्ये श्री भवानी संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं.

तोवर आपल्याकडं संग्रहालयं नव्हती असं नाही. कलकत्त्याचं १८१४ सालचं. त्याला लोक 'जादूघर' म्हणत. मुंबईला राणीच्या बागेतलं १८७२ मध्ये लोकांना खुलं झालं. ते आता डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९२२ मध्ये उघडलं. पण ही सगळी मोठ्या शहरांत. इथं मात्र दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावात, जत्रेच्या वाटेवर, नांगर आणि बैलगाडीच्या मुलखात हे घडत होतं.

आता या सालाच्या पुढचं साल बघा. १९३९ मध्ये याच राजानं आपल्या राज्याला घटना दिली आणि कारभार प्रजेच्या प्रतिनिधींच्या हाती सोपवला. गावपंचायती हा तिचा पाया. महात्मा गांधींनी त्यात लक्ष घातलं होतं. मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा इंजिनिअर आणि राजपुत्र आप्पासाहेब पंत यांनी त्यासाठी धडपड केली. इतिहासाची पुस्तकं या 'औंधच्या प्रयोगा'बद्दल लिहितात आणि म्युझियमची माहितीपत्रकं म्युझियमबद्दल. मला मात्र १९३८ आणि १९३९ ही सालं एकमेकांना चिकटलेली दिसतात. 'राज्य चालवणं तुम्हाला काय कळणार?' आणि 'चित्रातलं तुम्हाला काय कळणार?' हे दोन्ही प्रश्न एकाच तोंडातून निघतात. ज्या माणसानं पहिला विचारला नाही, त्यानं दुसराही विचारला नाही.

पॅरिसचं लूव्र म्युझियम जगात थोर मानतात. ते लोकांसाठी उघडलं १० ऑगस्ट १७९३ रोजी. त्याच वर्षी जानेवारीत फ्रान्सच्या राजाचं डोकं उडवलेलं होतं. राजाची चित्रं प्रजेला मिळण्यासाठी तिथं एवढं व्हावं लागलं. औंधच्या राजानं चित्रंही दिली आणि सत्ताही, आणि तेही आपल्या हातानं. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. राज्य गेलं, घटनेचा प्रयोगही थांबला. म्युझियम मात्र राहिलं.

अम्मा गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. यंदा मी औंधला गेलो तो तिच्यामागोमाग दुसऱ्यांदा जावं म्हणून. मधल्या काळात मी पदवी घेतली होती, पुस्तकं वाचली होती, आणि त्या गृहस्थांचं 'नजर तयार असावी लागते' हे वाक्यही बरोबर वागवलं होतं. आत शिरताच मी काय केलं असेल? पाट्या वाचत सुटलो! चित्राकडं दोन क्षण, पाटीकडं दहा. अर्ध्या तासानं लक्षात आलं, की अक्षरओळख नसलेली बाई जे करू शकली ते मला जमत नाही. मग चष्मा काढून खिशात ठेवला. जवळची बारीक अक्षरं मला चष्म्याशिवाय दिसत नाहीत, चित्रं दिसतात.

हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं 'आई आणि मूल' हे दगडी शिल्प या डोंगरावर आहे. मूर १८९८ मध्ये यॉर्कशरमधल्या एका कोळसा खाणीच्या गावात जन्मला, खाणीत राबणाऱ्या बापाचा मुलगा. आई आणि मूल हा विषय त्यानं जन्मभर सोडला नाही. त्या दगडापुढं मी उभा राहिलो. पहिली भीती तीच जुनी : हे आपल्याला कळणारं नाही. मग अम्मानं काय केलं असतं, याचा विचार केला. तिला बांगड्यांचं माप कळत होतं, म्हणून तिनं मनगट बघितलं. मला काय कळतं? कविता लिहिताना कुठला शब्द गाळायचा, एवढं थोडंफार कळतं. तेव्हा या माणसानं काय गाळलंय ते बघायला लागलो. बारकावे गाळलेत. दगडाला दगडच राहू दिलंय. जे आणखी काढलं असतं तर आई आणि मूल वेगळी झाली असती, ते त्यानं काढलेलं नाही. एवढं दिसलं. यापेक्षा जास्त जाणकाराला दिसत असेल, जरूर दिसत असेल. त्याच्या जाणकारीबद्दल मला आदर आहे. पण मला दिसलं ते खोटं नव्हतं.

नऊवारीतली ती बाईही शोधली. पाटी न वाचता शोधली, मनगटावरून. बांगड्या अजून रुतलेल्याच आहेत. भरताना दुखलं असेल बाईला.

उर्दूत म्युझियमला 'अजायबघर' म्हणतात. अजायब म्हणजे अजब गोष्टी, नवलाच्या गोष्टी. मराठीतला आपला 'संग्रहालय' हा शब्द चांगलाच आहे. पण तो ज्यानं गोळा केलं त्याच्या बाजूचा आहे. अजायबघर हा बघणाऱ्याच्या बाजूचा. नवल वाटायला पदवी लागत नाही. आपण जन्मभर जे काम केलं, ते काम करता करता हातांना आणि डोळ्यांना जे कळलं, तेवढं बरोबर न्यावं लागतं. सुतारानं चित्रातली खिडकी बघावी, शेतकऱ्यानं बैलाची वशिंड बघावी, परिचारिकेनं आजारी माणसाचा चेहरा. मग बाकीचं चित्र हळूहळू पुढं येतं.

संध्याकाळी औंधच्या स्टँडवर परतीच्या गाडीची वाट बघत होतो. सकाळचे म्हातारबाबा तिथंच भेटले. दर्शन घेऊन, पाव्हण्यांकडं जेवून परतत होते. "काय, बघितलं का म्युझियम?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बघितलं. बाबा, तुम्ही कधी बघितलंय?"

ते म्हणाले, "पन्नास येळा यमाईला आलोय. तिकडं न्हाई गेलो. आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

मी विचारलं, "शेती आहे ना? बैल किती?"

"व्हती एक खिल्लारी जोडी. आता ट्रॅक्टर."

"मग पुढच्या खेपेला जा," मी म्हटलं. "चित्रांत जनावरं दिसतील. ती बरोबर काढलीत का, ते बघून या. मला नाही सांगता येणार. तुम्हालाच येईल."

बाबा हसले. जातील की नाही, देव जाणे. पण गाडी येईपर्यंत ते मला खिल्लाराचं शिंग कसं असतं आणि खांदा कसा असतो, हे हवेत बोटानं काढून दाखवत होते.